‘रिकामी आहे’ म्हणजे नक्की काय रिकामं आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बारा वर्षांची, ठाण्यात घोडबंदर रोडजवळच्या एका रेंजवर १० मीटर एअर रायफल शिकायला लागली आहे. पहिले दोन आठवडे प्रशिक्षकांनी तिच्या हातात छर्राच दिला नाही. भागांची नावं, चुकली की पुन्हा नावं, एवढंच चाललंय. मुरबाडच्या घरी आजोबांची परवान्याची १२ बोअर दुनळी आहे आणि सुट्टीत सगळी मुलं तिथेच असतात. नावांचं एवढं स्तोम कशासाठी, आणि घरच्या बंदुकीबाबत काय काळजी घ्यावी?

प्रशिक्षक बरोबर करत आहेत. तुम्हाला हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण दोन्हींचं उत्तर ‘रिकामी’ या एका शब्दापाशी सुरू होतं.

चुकून गोळी सुटली की सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘मला वाटलं, रिकामी आहे.’ हे वाक्य खोटं नसतं. बोलणाऱ्याने काहीतरी रिकामं केलेलंच असतं. नेमकं काय, हे मात्र त्याला सांगता येत नाही, कारण त्या भागाचं नाव त्याच्या डोक्यात नसतं. ज्याला नाव नाही ते तपासलं जात नाही.

पिस्तुलाचं घ्या. त्यात काडतुसं दोन ठिकाणी असतात. एक, मुठीत सरकवलेल्या मॅगझीनमध्ये. दुसरं, नळीच्या मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसतं आणि फुटतं त्या चेंबरमध्ये. मॅगझीन काढून टेबलावर ठेवलं की हाताला वजन कमी लागतं, भरलेलं मॅगझीन समोर दिसतं आणि मन म्हणतं, झालं रिकामं. चेंबरमधलं काडतूस जागच्या जागी असतं, आणि बरीच पिस्तुलं मॅगझीन नसतानाही ते उडवतात. दुसरी चूक क्रमाची. आधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं, ते जमिनीवर पडलेलं दिसतंही. पण स्लाइड पुढे येताना मॅगझीनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये नेऊन बसवते. मग मॅगझीन काढलं तरी पिस्तूल भरलेलंच राहतं, आणि हाताळणाऱ्या माणसाची मात्र खात्री झालेली असते. म्हणून क्रम असा: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या कडीबाहेर, आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड पूर्ण मागे, दोन-तीन वेळा, शेवटी मागेच अडकवून ठेवायची. मग चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळीने चाचपायचं. उजेड कमी असेल तर चाचपणं पाहण्याइतकंच महत्त्वाचं.

आता ही सूचना ‘पिस्तूल रिकामं कर’ एवढ्या तीन शब्दांत द्या आणि बघा. जो चुकीच्या क्रमाने करेल त्यालाही वाटेल की सांगितलं तेच केलं. ‘मॅगझीन बाहेर, चेंबर उघडं, पाहिलं’ असं म्हटलं की चुकायला जागा उरत नाही. तुमच्या मुलीला दोन आठवडे हेच शिकवलं जातंय.

मराठीत या विद्येचे शब्द नाहीत असं नाही, भरपूर आहेत. दस्ता, नळी, चाप, घोडा, छर्रा, दारू, गज. काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगिजांकडून येऊन इतके मुरले की परके वाटतच नाहीत. अडचण वेगळीच आहे. एकच शब्द तीन माणसं तीन अर्थांनी वापरतात. ‘घोडा’ घ्या. आजोबांच्या पिढीला घोडा म्हणजे मागे ओढून चढवायचा आणि आपटून प्रायमर (काडतुसाच्या बुडाशी असलेला, ठोका बसताच पेटणारा भाग) फोडायचा भाग, इंग्रजीतला हॅमर. आजची पुष्कळ माणसं बोटाने ओढायच्या चापालाच घोडा म्हणतात. मुंबई-ठाण्याच्या रस्त्यावरच्या भाषेत घोडा म्हणजे अख्खं पिस्तूल. ‘घोडा उतरव’ या हुकमाचे तीन अर्थ होतात आणि त्यातल्या एका अर्थाने गोळी सुटते. तुमच्या घरात निदान एवढं ठरवून टाका: बोटाने ओढतात तो चाप किंवा ट्रिगर, आपटतो तो घोडा किंवा हॅमर. मुलगी ट्रिगर म्हणेल, आजोबा चाप म्हणतील, चालेल. दोघांनी बोट एकाच भागाकडे दाखवलं पाहिजे.

‘गोळी’चंही तसंच. बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. पोलिसांच्या पंचनाम्यात मात्र ‘जिवंत काडतूस’ वेगळं, ‘रिकामी पुंगळी’ वेगळी आणि शरीरातून किंवा भिंतीतून निघालेली बुलेट वेगळी, आणि हा भेद अगदी योग्य आहे. काडतूस ही चार वस्तूंची जोडणी असते: पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बुलेट. बुलेट म्हणजे नळीतून बाहेर जाणारा धातूचा तुकडा, एवढंच. बारा बोअरच्या काडतुसात बुलेटऐवजी छर्रे असतात आणि दारू व छर्रे यांच्यामध्ये वॅड नावाची गुडदी. .२२ च्या काडतुसात प्रायमर वेगळा नसतो, फुटणारं रसायन पुंगळीच्या काठात भरलेलं असतं. म्हणून .२२ ची रायफल चेंबर रिकामं ठेवून चालवू नये, असं जुन्या रायफलींबाबत सांगतात. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाला ठोका देणारी खीळ, थेट चेंबरच्या काठावर आपटून तो काठ दबतो. आणि मुलांना हे जरूर सांगा: जमिनीवर सापडलेली बुलेट हा शिशाचा तुकडा आहे, पण सापडलेलं काडतूस जिवंत असू शकतं. ते खिशात घालायचं नाही, ठोकायचं नाही, चुलीजवळ न्यायचं नाही.

मॅगझीनला ‘क्लिप’ म्हणणं ही चित्रपटांनी लावलेली सवय. क्लिप म्हणजे काडतुसं एकत्र धरून मॅगझीनमध्ये ढकलायची धातूची पट्टी. तिला स्प्रिंग लागत नाही, मॅगझीनला लागते. ही चूक सर्वांत जास्त हटकली जाते, पण तिच्यातून अपघात क्वचितच होतो. तिच्यावर डोकं तापवण्यापेक्षा आकड्यांकडे लक्ष द्या, कारण आकड्यांची गल्लत नळी फोडते.

‘१२ बोअर’ हे मिलिमीटर नाहीत, इंचही नाहीत. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या तर एकेकीचा जो व्यास, तो त्या नळीचा व्यास, सुमारे १८.५ मिलिमीटर. म्हणून इथे आकडा वाढला की नळी बारीक होते. २० बोअर ही १२ बोअरपेक्षा अरुंद. .२२ आणि .३२ हे मात्र दशांश चिन्ह देऊन लिहिलेले इंच, तिथे आकडा वाढला की नळी रुंद. बातम्यांत ‘७.६५ बोअरचं पिस्तूल’ असं छापून येतं तेव्हा ते खरं तर मिलिमीटर असतात.

या गल्लतीतून दोन घातक प्रकार होतात. पहिला: २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या चेंबरमध्ये घातलं तर ते पुढे घसरून नळीत अडकतं. मागून पाहिलं तर चेंबर रिकामं दिसतं. त्यात १२ बोअरचं काडतूस भरून चाप ओढला की नळी फाटते, आणि डाव्या हाताची बोटं नेमकी तिथेच असतात. हे टाळायला म्हणून २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगात करायची पद्धत पडली आहे. दुसरा प्रकार .३२ चा. आपल्याकडे आयुध निर्माणीचं .३२ चं रिव्हॉल्वरही मिळतं आणि .३२ चं पिस्तूलही. दोन्हींवर .३२, पण काडतुसं वेगळी. रिव्हॉल्वरचं काडतूस स्मिथ अँड वेसन लाँग, बुडाशी चांगला काठ असलेलं. पिस्तुलाचं काडतूस ७.६५ मिलिमीटर, आखूड आणि जवळजवळ बिनकाठाचं. एकाचं दुसऱ्यात बसतंय असं वाटलं तरी ते त्यासाठी केलेलं नाही. काडतूस विकत घेताना फक्त ‘.३२ द्या’ म्हणू नये. नळीवर किंवा फ्रेमवर कोरलेलं पूर्ण नाव वाचून तेच मागावं.

आता ‘फुसका’. हा शब्द मला मराठीतला सर्वांत धोकादायक शब्द वाटतो. चाप ओढला आणि अपेक्षित बार झाला नाही, की आपण म्हणतो फुसका निघाला. या एका शब्दात तीन वेगळे बिघाड लपतात आणि तिघांवर उपाय वेगळा.

पहिला मिसफायर: टक् असा आवाज, पुढे काही नाही. दुसरा हँगफायर: टक्, मग एक क्षण शांतता आणि मग बार. प्रायमर पेटलेला असतो, दारू सावकाश धरते. हे दोन्ही सुरुवातीला अगदी सारखे दिसतात. म्हणून टक् झालं आणि बार झाला नाही तर नळी लक्ष्याच्याच दिशेला धरून किमान तीस सेकंद थांबायचं. वळून शेजाऱ्याला ‘अरे, फुसका’ म्हणायचं नाही, लगेच बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडायचा नाही, नळीकडे बघायचं नाही. बोल्ट उघडताना दारू पेटली तर चेंबर बंद नसताना पुंगळी फाटते. ठासणीच्या बंदुकीत याहून जास्त थांबावं, तिथे उशिरा पेटण्याचा प्रकार जास्त होतो. मुरबाड-शहापूरकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका अजून आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तिसरा स्क्विब. यात आवाज होतो, पण दबका. धक्का लागतो, पण हलका. दारू कमी किंवा ओली असल्याने बुलेट अथवा वॅड नळीतच अडकते. हा तिघांत सर्वांत वाईट, कारण बंदूक ‘चालली’ असं वाटतं. माणूस पुंगळी काढतो, नवं काडतूस भरतो आणि अडकलेल्या गुडदीमागून पूर्ण जोराचा बार सोडतो. नळी फुगते किंवा फाटते. आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा वेगळा लागला की थांबायचं, बंदूक रिकामी करायची आणि नळीत गज घालून आरपार जातोय का ते पाहायचं, अर्थात चेंबर उघडून रिकामं आहे हे पाहिल्यावर. एअर रायफलमध्ये टाकीतली हवा कमी झाली की छर्रा असाच नळीत थांबतो. मुलीला सांगा, आवाज वेगळा आला तर हात वर करायचा आणि प्रशिक्षकांची वाट पाहायची. नळीच्या तोंडाकडून आत डोकावणं, काहीही झालं तरी, नाही.

जगभर शिकवले जाणारे मूळ नियम चार आहेत. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच धरून चालायचं. जिच्यावर गोळी झाडायची नाही त्या वस्तूकडे नळीचं तोंड न्यायचं नाही. नेम धरून निर्णय होईपर्यंत बोट चापावर नाही. आणि लक्ष्य कोणतं, त्याच्या मागे काय आहे, हे माहीत असल्याशिवाय बार नाही. चौथ्या नियमाचं महत्त्व शहरात कळत नाही, म्हणून आकडे देतो. .२२ ची इवलीशी बुलेट दीड किलोमीटरपलीकडे जाऊ शकते. बारीक छर्रे दोन-अडीचशे मीटरपर्यंत पोचतात. हळदीच्या मांडवात आकाशाकडे झाडलेली गोळीही कुठेतरी उतरतेच, आणि डोंबिवली-कळव्याच्या दाटीत ते कुठेतरी म्हणजे कुणाची तरी गच्ची किंवा डोकं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

बोटाचा नियम वाचायला सोपा आणि पाळायला अवघड. माणूस दचकला, ठेचकाळला किंवा दुसऱ्या हाताने काही घट्ट पकडलं की पहिल्या हाताची मूठही नकळत आवळते. बोट चापावर असेल तर तीच आवळ पुरते. म्हणून बोट कडीच्या बाहेर, फ्रेमला लावून सरळ. ठाण्यात गोखले रोडसारख्या बाजारात दागिन्यांच्या दुकानाबाहेर किंवा एटीएमच्या गाडीपाशी रखवालदार नळीच्या तोंडावर हात, कधी हनुवटी टेकवून उभे दिसतात, ते पाहून जीव कासावीस होतो. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना कुणी नीट शिकवलेलं नसतं. त्यांची नेमणूक करणाऱ्याने ते शिकवणं आपलं काम समजावं.

आता घरची दुनळी. ती हाताळायची आजोबांनीच, कारण परवाना त्यांच्या नावावर आहे. मुलगा किंवा सून म्हणून ती आपल्या ताब्यात घेणं, ठाण्याला आणून ठेवणं, हे परवान्यात बसत नाही. रिकामी करताना नळी जमिनीकडे पण पायांपासून दूर, बोट बाहेर, दस्त्याच्या मानेवरची चावी अंगठ्याने बाजूला ढकलून बंदूक मोडायची, म्हणजे नळ्या बिजागरीवर खाली झुकवून चेंबर उघडायची. दोन चेंबर, दोन्ही पाहायची, ‘डावी रिकामी, उजवी रिकामी’ असं तोंडाने म्हणायचं. मग नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. कुंभारमाशीने बांधलेलं मातीचं घर, राहून गेलेली चिंधी, सुकलेलं ग्रीस, काहीही असू शकतं, आणि तिथे अडथळा म्हणजे पुन्हा नळी फाटणं.

सेफ्टीवर विसंबू नका. बहुतेक दुनळ्यांत चावीमागची सरकती सेफ्टी फक्त चाप अडवते, आतले घोडे चढलेलेच असतात. बंदूक दगडावर आपटली तर आतली जुनी झिजलेली खाच सुटून बार होऊ शकतो. बाहेर घोडे असलेली जुनी दुनळी असेल तर आणखी एक गोष्ट: भरलेल्या चेंबरवर चढवलेला घोडा अंगठ्याने हळूच उतरवू नये, अंगठा घामाने निसटतो. आधी बंदूक मोडायची, काडतुसं काढायची, मग घोडा उतरवायचा. कुंपण ओलांडताना, ओढा पार करताना, गाडीत बसताना बंदूक मोडलेली आणि रिकामी. मोडलेली दुनळी लांबूनही सगळ्यांना दिसते, तिचा हा मोठा गुण आहे.

चेंबरची लांबी जरूर पाहा. जुन्या बंदुकींची चेंबर बहुधा ६५ मिलिमीटरची, नंतरच्या ७० ची. काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतर तोंड उघडलेल्या पुंगळीची असते. त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये निमूट बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. ‘बसलं म्हणजे चालतं’ हे इथे खोटं ठरतं. आकडा नळ्या बंदुकीपासून सुट्या केल्यावर त्यांच्या खालच्या सपाट भागावर कोरलेला असतो. नसेल किंवा पुसला असेल तर परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून मोजून घ्यावा.

कोकणपट्टीच्या पावसाळ्यात बंदुकीचे हाल होतात. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत ती चार महिने ठेवू नका, पिशवी ओल धरते आणि नळीवर गंज चढतो. कोरडं फडकं, तेलाचा अगदी पातळ हात, कपाटात सिलिका जेल, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पुसणं. तेल जास्त झालं तर वाईटच: ते चेंबरमधून काडतुसाच्या प्रायमरमध्ये झिरपतं आणि तोच मिसफायर होतो. वापरण्याआधी नळीतलं तेल पूर्ण पुसून काढायचं. कागदी पुंगळीची जुनी काडतुसं दमटपणाने फुगतात. अशी फुगलेली काडतुसं अंगठ्याने दाबून, किंवा सुरीने तासून बसवायची नाहीत. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत. बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत, किल्ल्या वेगळ्या ठिकाणी, आणि मुलांना दोन्ही जागा माहीत नसाव्यात. दाराच्या मागे खुंटीला टांगलेली बंदूक ही जुनी रीत आता सोडून द्या. आजोबांच्या पश्चात बंदूक घरात ‘तशीच राहू दे’ म्हणून ठेवता येत नाही. शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि मग वारसाने स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा. मुरबाडसारख्या ग्रामीण भागात परवाना जिल्हाधिकारी देतात. ठाणे किंवा नवी मुंबई आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्याला तो पोलीस आयुक्तांकडे मागावा लागतो. नव्या अर्जासाठी २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं.

मुलीच्या एअर रायफलकडे परत येतो. ४.५ मिलिमीटरचा छर्रा ताशी सहाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतो. छर्र्याला २० जूलपर्यंत ऊर्जा देणाऱ्या ४.५ मिलिमीटरच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून तिला ‘खेळणं’ म्हणायची चूक घराघरांत होते. डोळा जायला ती पुरेशी आहे. कडक भिंतीवरून छर्रा परतही येतो. गॅलरीत कबुतरांवर नेम धरायला रायफल घरी मागू नका.

रेंजवर तिने पाळायचं ते असं. रायफल केसमधून काढताना नळी लक्ष्यांकडे, लगेच लिव्हर उघडा आणि नळीतून आरपार जाणारी नारिंगी सेफ्टी लाइन जागेवर. ती दोरी नळीच्या दोन्ही टोकांना बाहेर दिसली की आत छर्रा नाही हे दुरूनही पटतं. ‘लोड’ हुकमाआधी छर्रा नाही. ‘स्टॉप’ ऐकलं की चापावरून बोट बाहेर आणि पुढची सूचना येईपर्यंत शांत, अर्धवट घेतलेला नेमही सोडायचा. पुढे कुणी लक्ष्याकडे गेलं असेल तर रायफलला हातच लावायचा नाही, साफ करायलाही नाही. टाकीत दाबाखालची हवा असते, भरण्याचा दाब साधारण २०० बार (इथे बार हे दाबाचं एकक). टाकीवरची मुदतीची तारीख वाचायची, भरण्याच्या तोंडाला खनिज तेल लावायचं नाही, ऑक्सिजन तर कधीच भरायचा नाही. छर्रे शिशाचे असतात, म्हणून ते दातांत धरायचे नाहीत आणि डबा खाण्याआधी हात साबणाने धुवायचे. डब्याचं आयांना आणि आज्यांनाही सांगून ठेवा, कारण घाईने पोळीचा घास भरवणारा हात त्यांचा असतो.

मुलांना, सगळ्याच मुलांना, चार गोष्टी पाठ करून घ्या: बंदूक दिसली तर थांब, हात लावू नको, तिथून दूर हो, मोठ्या माणसाला सांग. धाकट्यांना नावं नंतर. मोठीला मात्र नावं आधीच.

रायफल एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हाची पद्धतही आतापासून लावा. देणारा ती उघडी धरतो, स्वतः पाहतो आणि म्हणतो, ‘चेंबर उघडं, रिकामं.’ घेणारा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, स्वतः पाहतो आणि म्हणतो, ‘पाहिलं, रिकामं.’ मगच हात बदलतात. मुलगी आणि प्रशिक्षक यांच्यात हे होईल तसंच आजोबा आणि बंदूक दुरुस्त करणारा यांच्यातही व्हायला हवं. आजोबांना त्यात अपमान वाटला तर मुलीलाच समजावू द्या, आणि तिने चापाला घोडा म्हटलं तर आजोबांना तिला दुरुस्त करू द्या.